बाईंना विचारा : नववीतली मुलं मोजा

या महिन्यात आलेल्या पत्रांतली तीन एकाच विषयावरची निघाली, फादर-सिस्टरांच्या हायस्कुलांवरची. मी गणित-विज्ञान शिकवायचे. १९८६ ते १९९४ गावच्या मराठी हायस्कुलात आणि पुढे २०१९ साली निवृत्त होईपर्यंत पंचवीस वर्षं दक्षिण सिंधुदुर्गातल्या एका कॅथलिक संस्थेच्या माध्यमिक शाळेत. त्यामुळे या विषयावर मला ऐकीव काही सांगावं लागत नाही. पहिल्या पत्राला बरीच जागा दिली आहे. आंब्याचा हंगाम संपत आला की आपल्याकडे घरोघर हाच प्रश्न असतो.

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचं गाव देवगड तालुक्यात, खाडीच्या कडेला. हापूसची साठेक कलमं आहेत, त्यावर घर चालतं. मुलगी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीत आहे, मराठी माध्यमात. हुशार आहे असं गुरुजी सांगतात. आठवीला तिला गावच्याच हायस्कुलात घालायचं, की एसटीने तासाभरावर असलेल्या सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत, यावरून घरात रोज वाद होतो. बायको म्हणते, कॉन्व्हेंटचा निकाल दरवर्षी शंभर टक्के, शिस्त चांगली, इंग्रजी चांगलं. माझी आई म्हणते, पोर तिथे एकटी पडेल. तिथलं शिक्षण खरंच चांगलं असतं का? आणि मुलांचे दिवस तिथे कसे जातात?
– देवगड तालुक्यातले एक बागायतदार

उत्तर : दादा, आधी त्या शंभर टक्क्यांचं बोलू. आपल्या दोन जिल्ह्यांचं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचं, मिळून कोकण विभागीय मंडळ आहे. दहावीच्या निकालात ते वर्षानुवर्षं राज्यात पहिलं येतं. २०२४ साली कोकणचा निकाल ९९.०१ टक्के लागला, २०२५ साली ९८.८२. त्याच २०२५ मध्ये राज्याचा निकाल होता ९४.१०. म्हणजे आपल्याकडे परीक्षेला बसलेल्या शंभर मुलांतलं एखाददुसरंच नापास होतं. अशा मुलखात शाळेच्या फाटकावर ‘निकाल १०० टक्के’ असं लिहिलेलं असलं, तर त्यावरून शाळेबद्दल फारसं काही कळत नाही. तुमच्या गावच्या हायस्कुलाचा निकालही शंभरच्या आसपासच असेल, विचारून बघा.

विचारायचं ते वेगळंच आहे. आठवीला किती मुलं आली होती आणि त्यातली किती दहावीच्या परीक्षेला त्याच शाळेतून बसली? आठवीपर्यंत आपल्याकडे मुलं बहुतेक पुढे सरकत जातात. खरी चाळण लागते ती नववीत. ज्या शाळेला निकालाचा फलक जपायचा असतो, ती शाळा कच्च्या मुलाच्या पालकांना नववीच्या शेवटी बोलावून घेते आणि सांगते, ‘दाखला घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा.’ मूल बाहेरून बसतं. पास झालं किंवा नापास झालं, तरी शाळेच्या निकालात ते कुठेच दिसत नाही. ही गोष्ट फक्त कॉन्व्हेंटमध्ये होते असं नाही, सगळ्या प्रकारच्या शाळांत होते. पण नावाजलेल्या शाळेत जास्त होते, कारण तिला नाव सांभाळायचं असतं.

हे मी ठामपणे सांगते, कारण हे मी स्वतः केलेलं आहे.

माझं त्या शाळेतलं नववं वर्ष होतं. वर्गात रापणकरांचा, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढून मासे धरणाऱ्यांच्या घरातला, एक मुलगा होता. बीजगणितात त्याला दहातले दोन मिळायचे. समीकरणात ‘क्ष’ आला की तो पेन खाली ठेवायचा. तेव्हाच्या मुख्याध्यापकांनी आम्हा विषयशिक्षकांना याद्या करायला सांगितल्या आणि त्याचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. वडील आले. भिजलेली लुंगी बदलून, धुतलेला सदरा घालून आले होते. मी त्यांना समजावलं, बाहेरून बसवा, मुलावरचा ताण कमी होईल. ते म्हणाले, ‘तुमी सांगशात तसा करतंय, बाई.’ दुसरं काही बोलले नाहीत. दाखला घेतला आणि गेले.

पुढच्या दिवाळीनंतर एकदा सकाळी मी किनाऱ्यावर मासे घ्यायला गेले होते. रापण ओढून झाली होती आणि वाटे पडत होते. रापणीचे वाटे कसे पडतात ते तुम्हाला ठाऊक असेल : होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, मग ओढणाऱ्यांचे, त्यात कोणाचा पुरा, कोणाचा अर्धा. तो मुलगा टोपल्यांमध्ये उभा राहून तोंडी हिशोब सांगत होता. एकवीस पुरे, सात अर्धे, होडी-जाळ्याचे वेगळे, आणि एका वाट्याला बांगडे किती. कागद नाही, पेन नाही. मोठी माणसं त्याच्या तोंडाकडे बघून टोपल्या ओतत होती. तो जे करत होता ते समीकरणच होतं. एका वाट्याला किती, हाच त्याचा ‘क्ष’. पूर्ण वर्षभर मी त्याच्यासमोर फळ्यावर उभी होते, पण रापणीचे वाटे फळ्यावर मांडायचं मला सुचलं नाही. त्याने मला बघितलं, ‘बाई’ म्हणून हाक मारली आणि पिशवीत बांगडे घातले. पैसे घेतले नाहीत. सतरा नंबरचा फॉर्म त्याने भरलाच नव्हता.

त्यानंतर मी यादीत एकही नाव लिहिलं नाही. दोन वर्षांनी आमच्याकडे मुख्याध्यापिका म्हणून एक सिस्टर आल्या. त्यांना मी ही हकिगत सांगितली. त्यांनी कोणताही मोठा कार्यक्रम केला नाही. शाळा सुटल्यावर कच्च्या मुलांसाठी एक तास ठेवला आणि त्याची वेळ शेवटच्या एसटीवर बेतली. आधी त्यांनी वेळापत्रक मागवलं, कोणत्या गावची गाडी किती वाजता सुटते ते वहीत उतरवलं आणि मग तास ठरवला. त्या वर्षी नववीतून कोणालाही दाखला दिला नाही. निकाल शंभरावरून खाली आला, दोन मुलं नापास झाली. संस्थेतून विचारणा झाली. सिस्टरांनी उत्तर दिलं की आमच्याकडे यंदा नऊ मुलं जास्त बसली आणि त्यातली सात पास झाली. राहिलेल्या दोघांतला एक ऑक्टोबरच्या परीक्षेत सुटला. माझ्या पंचवीस वर्षांतला सगळ्यात चांगला निकाल तोच, असं मी आजही मानते.

म्हणून दादा, शाळेत जाल तेव्हा आठवीचा आणि दहावीचा पट विचारा. नोकरीच्या बदल्या, घर बदलणं यामुळे थोडी मुलं कमी होतातच. पण साठाची पन्नास झाली असतील, तर बाकीची दहा कुठे गेली ते नम्रपणे, पण उत्तर मिळेपर्यंत विचारा.

आता शिक्षण चांगलं असतं का, ते. जे चांगलं मी तिथे पाहिलं, ते अगदी साधं आहे. घंटा वेळेवर होते आणि घंटा झाली की शिक्षक वर्गात असतात. एखादे सर रजेवर असले, तर त्या तासाला दुसरं कोणीतरी जातं, वर्ग मोकळा राहत नाही. वह्या तपासल्या जातात. आमच्या त्या सिस्टर दर शुक्रवारी प्रत्येक वर्गातल्या पाच वह्या मागवायच्या आणि पाचही शेवटच्या बाकांवरच्या. मी नुसती बरोबरची खूण केली आहे की चूक कुठे झाली ते लिहिलं आहे, हे त्या बघायच्या. गणिताच्या वहीत लाल शाईने ‘पुन्हा सोडव’ एवढंच लिहिलेलं दिसलं की मला बोलावणं यायचं : ‘कुठली पायरी चुकली ते लिहिलं नाही, तर तो तीच चूक पुन्हा सोडवेल.’ हे वाक्य मी पुढे माझ्या हाताखालच्या प्रत्येक नव्या शिक्षिकेला सांगितलं.

पण एक गोष्ट बाहेरच्या पालकांना माहीत नसते. फादर आणि सिस्टर यांच्या बदल्या होतात. त्यांची संस्था त्यांना काही वर्षांनी दुसरीकडे पाठवते. मुख्याध्यापक बदलला की शाळेची चाल बदलते. माझ्या पंचवीस वर्षांत मी तीन निरनिराळ्या शाळा पाहिल्या, पत्ता एकच होता. तेव्हा आज तिथे असलेल्या सिस्टर कितीही चांगल्या वाटल्या, तरी एवढ्यावर निर्णय घेऊ नका. जे राहतात ते शिक्षक असतात. ते कोण आहेत, किती वर्षं आहेत, हे बघा. अनुदानित शाळेत शिक्षकांचा पगार सरकारकडून येतो, माणसं टिकतात, फीही बेताची असते. विनाअनुदानित शाळेत पगार फीतून जातो. पगार कमी पडला की शिक्षक दिवाळीतच दुसरी नोकरी बघतो आणि नववीच्या विज्ञानाला वर्षात तीन बाई होतात. ‘गेल्या वर्षी वर्षाच्या मध्येच किती शिक्षक सोडून गेले?’ हा प्रश्न विचारायला लाजू नका. फी परवडेल का तेही आत्ताच बघा. विनाअनुदानित शाळेला फी वाढवताना शिक्षक-पालक संघाच्या कार्यकारी समितीपुढे प्रस्ताव ठेवावा लागतो, २०११ चा तसा कायदा आहे. त्या समितीत आपल्यासारखेच पालक असतात. ते कोण आहेत ते शोधा आणि त्यांच्याशी बोला.

माध्यमाचं मात्र मी स्पष्ट सांगते. मराठीत सातवीपर्यंत शिकलेल्या मुलीला आठवीत एकदम इंग्रजी माध्यमात घालू नका. गणित आणि विज्ञान ती सांभाळेल, तिथे चिन्हं आणि आकृत्या मदतीला येतात. अडेल ती इतिहास-भूगोलात. समजलेलं स्वतःच्या शब्दांत लिहायला तिच्याकडे अजून शब्द नसतील, मग ती पाठ करायला लागेल. गुरुजी ज्या मुलीला हुशार म्हणतात, तिचा हुशारपणा प्रश्न विचारण्यात असतो. पाठ करणाऱ्या मुलीचे प्रश्न सहा महिन्यांत बंद होतात. असं मी एकदा नाही, निदान वीस मुलींच्या बाबतीत पाहिलं आहे. दहावीला गुण मिळाले त्यांना, पण आठवी-नववी गप्प बसून गेली. त्यापेक्षा सेमी-इंग्रजी बघा : गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकीचं मराठीतून. तुमच्या गावच्या हायस्कुलात सेमी आहे का, आणि सिस्टरांच्या संस्थेची जवळपास मराठी किंवा सेमीची शाळा आहे का, हे आधी पाहा. कॅथलिक म्हणजे इंग्रजी माध्यम, हा आपला समज आहे. वसईत कॅथलिक समाजाच्या घरात मराठी नांदते आणि तिथे चर्चच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत. तिथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते.

तरीही इंग्रजी शाळाच ठरली, तर पहिलं वर्षभर तिला इतिहासाचा धडा घरी आधी मराठीत वाचू द्या. मराठी माध्यमाचं पाठ्यपुस्तक विकत घ्या. राज्य मंडळाच्या पुस्तकांत धडे तेच असतात. मराठीत समजलेलं ती इंग्रजीत लिहायला शिकेल. उलटं होत नाही.

तुमच्या आईचा प्रश्न उरला, पोर एकटी पडेल का. त्याचं उत्तर वर्गापेक्षा एसटीत आणि मोठ्या सुट्टीत मिळतं. साडेसहाच्या गाडीने निघालेली मुलगी संध्याकाळी साडेपाचला घरी येणार. तिच्या गावची आणखी दोन मुलं त्या गाडीला आहेत का? बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पास फुकट मिळतो, त्यामुळे खर्चाची चिंता नाही. पण गाडी चुकली तर? बऱ्याच शिस्तीच्या शाळांत फाटक ठरल्या वेळेला बंद होतं आणि उशिरा आलेल्यांना बाहेर उभं करतात. घाटात झाड पडलं म्हणून गाडी अडकली, तर त्यात मुलीची काय चूक? शाळेत विचारा : एसटीच्या मुलांना उशीर झाला तर तुम्ही काय करता? आमच्याकडे एक काळ असा होता की त्यांची नावं वहीत लिहून त्यांना पहिला तास बाहेर ठेवायचे. पहिला तास माझा गणिताचा. पावसाळ्यात माझ्या वर्गात गणितात कोण मागे पडणार, ते एसटीवर ठरायचं.

आणि बूट. हसू नका, ही मोठी गोष्ट आहे. काळे बूट आणि पांढरे मोजे हा कॉन्व्हेंटचा नियम. कोकणात जूनपासून सप्टेंबरपर्यंत बूट वाळत नाहीत. मुलं चुलीवर मोजे वाळवून आणायची, त्यांना धुराचा वास यायचा आणि वर्गातली गावातली, म्हणजे बाजारपेठेतली मुलं नाक धरायची. एक मुलगी याच कारणाने जुलैभर शाळेत आली नव्हती. घरी जाऊन विचारलं, तर आई पायाच्या बोटांमधल्या चिखल्या दाखवू लागली. पुढच्या जूनपासून मुख्याध्यापिकांनी सूचना काढली, पावसाळ्यात सगळ्यांनी रबरी सँडल घालायचे आणि त्यांनी स्वतःही घातले. सगळ्यांनी, हे महत्त्वाचं. ज्यांना परवडतं त्यांनी बूट आणि बाकीच्यांनी सँडल असं झालं असतं, तर काही उपयोग नव्हता.

तर एखाद्या मंगळवारी-बुधवारी, काही कार्यक्रम नसताना, मोठ्या सुट्टीत तिथे जा. स्नेहसंमेलनाला जाऊ नका, त्या दिवशी सगळ्याच शाळा छान दिसतात. नळापाशी उभे राहा. मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, आतून कडी लागते का, ते तुमच्या पत्नीला बघायला सांगा. डबे कोण कोणाबरोबर खातं ते बघा. शाळेत मुलींच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का आणि मुलींना तिच्यावर कोण आहे ते माहीत आहे का, हे एखाद्या आठवीतल्या मुलीला विचारा, कार्यालयात विचारू नका. माझं मत विचाराल, तर गावच्या हायस्कुलात सेमी असेल आणि गणिताला कायमचे सर असतील, तर मी तिला तिथेच ठेवीन.

प्रश्न : माझी नात सावंतवाडी तालुक्यातल्या एका मिशनच्या शाळेत सहावीत आहे. शाळेबद्दल तक्रार नाही, बाई मायेने शिकवतात. पण ती संध्याकाळी देवापुढे ‘शुभं करोति’ झाल्यावर शाळेतली प्रार्थनाही म्हणते. शेजारी नाना प्रकारचं बोलतात. शाळेला तसं करता येतं का? आम्ही काय करावं?
– एक आजोबा

उत्तर : आजोबा, आधी कायद्याचं सांगते, म्हणजे शेजाऱ्यांना उत्तर देता येईल. धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढायचा आणि चालवायचा हक्क संविधानाच्या ३० व्या कलमाने दिला आहे. त्याच संविधानाचं २८ वं कलम असंही सांगतं की सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत कोणालाही धार्मिक शिक्षणाला वा उपासनेला संमतीशिवाय बसवता येणार नाही, आणि मूल अठरा वर्षांखालचं असेल तर संमती पालकांची लागते. म्हणजे ‘माझ्या नातीला यातून वगळा’ असं मुलाने किंवा सुनेने एका ओळीत लिहून दिलं, तर शाळेला ते मानावं लागेल. २०२४ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेनेही आपल्या शाळांना कळवलं की इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नका आणि सकाळच्या परिपाठात संविधानाची उद्देशिका म्हणा.

आता माझं. मी कुंकू लावून, मंगळसूत्र घालून पंचवीस वर्षं त्या शाळेत गेले. मला कोणी कधी काही विचारलं नाही. कॅथलिक मुलांचा कॅटेकिझमचा, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाचा तास असायचा, त्या वेळी बाकीच्या मुलांना मूल्यशिक्षण. वर्गात ख्रिस्ती मुलं थोडी, बाकी मराठा, भंडारी, गाबीत, दलित, मुसलमान अशी सगळी. गणपतीला शाळा बंद असायची आणि दोन सिस्टर माझ्या घरी गणपती बघायला यायच्या. त्यांतल्या एकीला उकडीचे मोदक इतके आवडायचे की आई तिच्यासाठी पाच बाजूला काढून ठेवायची. नाताळात त्यांच्याकडची नेवऱ्यांची ताटली आमच्या घरी यायची. सावंतवाडीला २००५ साली सिंधुदुर्गचा वेगळा धर्मप्रांत झाला, त्याआधी आम्ही पुणे धर्मप्रांतात होतो. पण गावातली ही देवघेव त्याच्या कितीतरी आधीची आहे.

नात प्रार्थनेत काय म्हणते ते तिच्याकडून एकदा नीट ऐका. ‘आम्हाला आजची भाकर दे, आमच्या अपराधांची क्षमा कर’ असं काहीसं असेल. तुम्हाला त्यात खटकण्यासारखं काही वाटलं, तर ती ओळ लिहून द्या. नाही वाटलं, तर ‘शुभं करोति’नंतर तिला ते म्हणू द्या. मी तुमच्या जागी असते तर तिला म्हणू दिलं असतं. पण ते तुम्ही दोघं, मुलगा आणि सून मिळून ठरवायचं आहे, शेजाऱ्यांनी नाही. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेने शिक्षणाविषयी जो जाहीरनामा काढला, तो आमच्या शाळेतल्या एका शिबिरात फादरांनी वाचून दाखवला होता. त्यातसुद्धा मुलांचे पहिले आणि मुख्य शिक्षक आईवडील, असंच म्हटलं आहे. शाळेत गेलात, तर हे त्यांना सांगा. त्यांना ते ठाऊक असतं.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. शाळा इंग्रजी माध्यमाची आहे. वर्गात मराठी बोललं तर दहा रुपये दंड असतो. मॉनिटर नाव लिहिते. आमच्या घरी मालवणी बोलतात. मला इंग्रजी लिहिता येतं पण बोलताना सुचत नाही. म्हणून मी बोलतच नाही. मैत्रिणी म्हणतात मी शिष्ट आहे. मी आईला सांगितलं नाही कारण आधीचे चाळीस रुपये मी डब्याच्या पैशातून दिले.
– वेंगुर्ल्याहून एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी हे ऐक. तू शिष्ट नाहीस. दहा रुपये वाचवायला गप्प बसणारी मुलगी शिष्ट नसते.

आज संध्याकाळी आईला सगळं सांग, चाळीस रुपयांसकट. ती रागावली तर रागावू दे, थोड्या वेळाने तिचा राग तुझ्यावरून उतरून दंडावर जाईल. मग तिने शिक्षक-पालक संघातल्या तुमच्या वर्गाच्या प्रतिनिधीला भेटावं आणि हा दंड बंद करायला लेखी मागणी करावी. एकटीने नको, आणखी तीन-चार आयांना घेऊन जावं. तुझ्या वर्गात अशा गप्प बसलेल्या मुली आणखी असणार, मला खात्री आहे. महाराष्ट्रात २०२० पासून सगळ्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. जी भाषा एका तासाला शिकवायची, तिच्यासाठी दुसऱ्या तासाला पैसे घ्यायचे, हे कोणत्याच शाळेला शोभत नाही. इंग्रजी बोलायला लावणं चूक नाही, मीही वर्गात लावायचे. पण भीतीने कोणी बोलायला शिकत नाही, भीतीने माणूस गप्प बसायला शिकतो.

आता इंग्रजीचं. तुला लिहिता येतं म्हणतेस, म्हणजे शब्द तुझ्याकडे आहेत, तोंडाला त्यांची सवय नाही. रोज रात्री विज्ञानाच्या पुस्तकातलं अर्धं पान मोठ्याने वाच. मनात नाही, मोठ्याने, आजीला ऐकू जाईल असं. मग पुस्तक मिटून तेच आजीला मालवणीत सांग. आणि मग तिसऱ्यांदा इंग्रजीत, पुस्तक न बघता, जसं येईल तसं. माझ्याकडे एक मुलगी होती, तिने असं सहा महिने केलं. तिची आजी इंग्रजीतले शब्द शिकली, ‘फोटोसिंथेसिस’ हा शब्द तिने बाजारात भाजीवालीला ऐकवला होता. मुलगी दहावीच्या तोंडी परीक्षेत अडखळली, पण थांबली नाही. आता ती परिचारिका आहे आणि दोन वर्षं परदेशात काम करून आली.

वर्गात एखादा शब्द इंग्रजीत सुचला नाही, तर तेवढा शब्द मराठीत घालून वाक्य पुरं कर. मॉनिटर नाव लिहील, लिहू दे. दंडाचं आई बघेल. तू वाक्य पुरं करायला शीक.

डब्याचे चाळीस रुपये गेले, म्हणजे चार दिवस तू दुपारी काय खाल्लंस, ते तू लिहिलं नाहीस. पुढच्या पत्रात ते लिही. आणि ते पत्र अर्धं इंग्रजीत लिही, खाडाखोड न करता, चुका तशाच राहू देऊन. मी लाल शाईने कुठली पायरी चुकली ते लिहून परत पाठवीन.